फोनमधलं लोकेशन खरंच पुसलं गेलं का? तपासून बघायची पद्धत

गोव्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास घरात नवा फोन आला की जुना भाच्याकडे जातो, नाहीतर दुकानात एक्स्चेंजला. देण्याआधी बहुतेक जण फोटो काढून घेतात आणि बँकेचं अ‍ॅप उडवतात. लोकेशनचं म्हणाल तर वरची पट्टी खाली ओढून ते बटण बंद करतात, बस्स. बटण बंद केल्याने पुढची नोंद थांबते. मागे झालेली नोंद जिथल्या तिथे राहते.

हा लेख पुसण्याबद्दल थोडा आणि पुसलं गेलं की नाही हे तपासण्याबद्दल जास्त आहे. पडद्यावर ‘डिलीटेड’ असं आलं म्हणजे फोनने स्वतःलाच दाखला दिला. त्यावर विसंबू नका. तीच माहिती दुसऱ्या वाटेने शोधून बघा. तिथेही मिळाली नाही, तरच ती गेली असं म्हणता येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं काहींना वाटेल. सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात अळमी (रानातली अळंबी) कुठे उगवतात ते माणूस सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगत नाही. पण टोपलीतल्या अळम्यांचा फोटो मूळ फाइलसकट पाठवला की त्या रोयणीचा (वारुळाचा) पत्ता त्याच्यासोबत जातो. हे झालं साधं उदाहरण. मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या घरात फोन हातोहात फिरतो त्याची. एखादी मुलगी त्रासाचं घर सोडून मैत्रिणीकडे राहायला जाते, आणि तिचा जुना फोन सासरीच राहिलेला असतो. त्या फोनला ती कुठे कुठे जाते हे ठाऊक असेल, तर तिचा पत्ता कुणाला विचारायची गरजच उरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पोलिसांत तक्रार दिलेली असेल, अपघाताच्या विम्याचा दावा चालू असेल किंवा कोर्टात काही प्रकरण असेल, तर काहीही पुसू नका. आधी वकिलाशी बोला. अशा वेळी हीच नोंद तुमच्या बाजूचा पुरावा असू शकते.

जीपीएसची चिप आणि तुमच्या वाटांची नोंद

‘जीपीएस कॅश (चिपजवळचा तात्पुरता साठा) क्लिअर करा’ असा सल्ला बरेच जण देतात, आणि नवख्याला वाटतं की त्याने सगळं साफ झालं. तसं नसतं. चिप उपग्रहांचे संदेश ऐकते आणि निदान चार उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते काढते. काम लवकर व्हावं म्हणून ती उपग्रहांची माहिती जवळ ठेवते. प्रत्येक उपग्रहाची अचूक कक्षा साधारण चार तास कामाला येते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक काही आठवडे चालतं. ही माहिती आकाशाची आहे. तुम्ही मंगळवारी कुठे होता ते त्यात नाही.

ही कॅश खरंच रिकामी झाली का, तेही बघता येतं. कॅश साफ करणाऱ्या अ‍ॅपने ती साफ करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू आहे ना ते बघा आणि मोकळ्या मैदानात उभे राहा. एरवी काही सेकंदांत येणारी निळी खूण आता अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ घेते, कारण उपग्रहाला आपल्या कक्षेची माहिती पुन्हा ऐकवायला ३० सेकंद लागतात. सगळं वेळापत्रक ऐकायला तर साडेबारा मिनिटं लागतात. नकाशा चुकीची जागा दाखवत असेल तर हा उपाय जरूर करा. खासगीपणाशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या वाटांची नोंद ठेवतात ते अ‍ॅप, फोटो आणि बॅकअप. शोधायचं ते तिथे.

आधी तीन खुणा टिपून ठेवा

काही पुसण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा. एक, गूगल मॅप्सच्या टाइमलाइनमधला, म्हणजे कुठे कुठे गेलात त्याच्या नोंदीतला, असा दिवस जो तुम्हाला पक्का आठवतो, उदाहरणार्थ फातर्प्याला जत्रेला गेलात तो. दोन, ज्याची जागा माहीत आहे असा एखादा फोटो. तीन, मॅप्समध्ये शोधलेला एखादा पत्ता. पुसून झाल्यावर नेमक्या याच तीन गोष्टी शोधायच्या. ‘काही दिसत नाही’ हा अंदाज असतो. ‘होतं ते आता नाही’ ही तपासणी.

सोबत एक आकडा पाठ करून ठेवा. गोवा साधारण १४.९ ते १५.८ उत्तर अक्षांशात आणि ७३.७ ते ७४.३ पूर्व रेखांशात बसतो. पणजी १५.४९, ७३.८३ च्या आसपास, म्हापसा १५.५९, ७३.८१. फोंडा-वाळपईकडे गेलं की दुसरा आकडा ७४ ने सुरू होतो. म्हणजे कुठल्याही फाइलमध्ये ‘१५.’ आणि ‘७३.’ किंवा ‘७४.’ अशी जोडी दिसली, की ती तुमच्याच फिरण्याची नोंद आहे असं धरून चाला. दशांश चिन्हापुढे किती आकडे आहेत तेही मोजा. तीन आकडे म्हणजे सुमारे ११० मीटरची अचूकता, म्हणजे वाडा कळला. चार आकडे म्हणजे ११ मीटर, म्हणजे घर कळलं.

गूगलची टाइमलाइन

अँड्रॉइड फोनवर सर्वांत मोठी नोंद इथे असते. पूर्वी ही माहिती गूगलच्या सर्व्हरवर राहायची आणि संगणकावरही दिसायची. २०२४ पासून गूगलने ती फोनमध्येच ठेवायला सुरुवात केली, म्हणून आता तपासणीही फोनवरच करावी लागते.

मॅप्स उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी द्या, टाइमलाइन निवडा. वरच्या तीन ठिपक्यांतून लोकेशन आणि प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जा. तिथे सगळी टाइमलाइन पुसण्याचा पर्याय आहे. तो वापरा, आणि यापुढेही नोंद नको असेल तर तिथेच टाइमलाइन बंद करा. पुसणं आणि बंद करणं ही दोन वेगळी बटणं आहेत. एक दाबलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

मग टाइमलाइनच्या वरच्या बाजूला ढगाचं चिन्ह शोधा. हा बॅकअप. तो चालू असेल तर तुमच्या वाटांची एक प्रत गूगलकडे ठेवलेली असते आणि ती वेगळी पुसावी लागते. ढगावर टिचकी दिली की कुठल्या कुठल्या फोनचे बॅकअप आहेत ते दिसतं. यादीत आधीच विकलेला जुना फोनही सापडू शकतो. प्रत्येकासमोरच्या तीन ठिपक्यांतून तो काढा.

आता तपासणी. कागदावर लिहिलेला फातर्प्याचा दिवस टाइमलाइनमध्ये उघडा. तो कोरा असायला हवा. मग दुसऱ्या वाटेने जा. फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये लोकेशन, त्यात लोकेशन सर्व्हिसेस, त्यात टाइमलाइन. तिथे सगळी माहिती फाइलच्या रूपात एक्स्पोर्ट करता येते. पासवर्ड किंवा बोट मागेल, ते द्या. निघेल ती फाइल जेसन प्रकारची असते. साध्या अक्षरांत वाचता येते. ती उघडून ‘१५.’ शोधा. नोंद पुसलेली असेल तर त्यात जागांचे आकडे मिळणार नाहीत. मला ही तपासणी सर्वांत भरवशाची वाटते, कारण इथे नकाशाचं चित्र मध्ये येत नाही, साठवलेलंच समोर येतं. काम झालं की ही एक्स्पोर्ट केलेली फाइलसुद्धा पुसा, आणि डाउनलोड फोल्डरच्या कचरापेटीतूनही काढा.

शोधांची नोंद, घर आणि ऑफिस

टाइमलाइन कोरी झाली तरी ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाची वेगळी वही उरते. तुम्ही काय शोधलं आणि शोधताना साधारण कुठल्या भागात होता, ते तिच्यात जातं. टाइमलाइनचं जुनं रूप असलेली लोकेशन हिस्ट्री बंद केली तरी या वहीतून जागांची नोंद होत राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केलं. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हा हे किरकोळ समजू नका.

मायअ‍ॅक्टिव्हिटी डॉट गूगल डॉट कॉम हे पान उघडा, मॅप्सच्या नोंदी निवडा, ‘ऑल टाइम’ म्हणून पुसा. मग मॅप्सच्या शोधपेटीत कागदावरच्या तिसऱ्या खुणेची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा. घड्याळाच्या चिन्हासह तो पत्ता वर आला, तर तो अजून आहे. ‘घर’ आणि ‘ऑफिस’ म्हणून लावलेली नावं सेव्ह केलेल्या जागांमध्ये वेगळी असतात. ती हाताने काढा. लोकेशन शेअरिंगही उघडून बघा. कुणाला तरी ‘बंद करेपर्यंत’ असं शेअर करून विसरून गेलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

फोटो

इथे वेळ द्या. सगळ्यांत जास्त माहिती इथून निसटते.

कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू असली की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश, रेखांश आणि बऱ्याचदा उंचीसुद्धा लिहिली जाते. या लपलेल्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. फोटो बघताना ती दिसत नाही. फोटो वर सरकवला किंवा माहितीचं चिन्ह दाबलं की खाली नकाशा येतो.

प्रथम कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. मग जुन्या फोटोंकडे वळा. गूगल फोटोजमध्ये शोधाच्या भागात जागांचा नकाशा असतो, आयफोनच्या फोटोजमध्येही असतो. तो नकाशा हीच तुमची पहिली तपासणी. त्यात कळंगुट, फोंडा, काणकोण असे पुंजके दिसत असतील तर तेवढे फोटो अजून बोलत आहेत.

दुसरी तपासणी संगणकावर. तुमचा खुणेचा फोटो केबलने विंडोजच्या संगणकावर घ्या. फाइलवर माउसचं उजवं बटण, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. खाली सरकत गेलात की जीपीएस असा भाग येतो. तिथे लॅटिट्यूडसमोर १५, ३५, २४ असं काही दिसेल. याचा अर्थ १५ अंश, ३५ मिनिटं, २४ सेकंद, म्हणजे दशांशात १५.५९, म्हणजे म्हापसा. हा भागच नसेल तर नोंद गेली. याच खिडकीच्या तळाशी खासगी माहिती काढून टाकण्याचा दुवा आहे. त्याने माहितीविना नवी प्रत बनते. मूळ फाइल मात्र तशीच राहते हे लक्षात ठेवा, आणि मग तीही पुसा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळी जशीच्या तशी जाते. चांगल्या दर्जाचा हवा म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायची सवय आता पसरली आहे, म्हणून हा फरक माहीत हवा.

जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारखी अ‍ॅप्स वापरणाऱ्यांनी तर जास्त जपावं. पंचायतीच्या कामाचे, बांधकामाच्या साइटचे फोटो काढणाऱ्यांकडे ती हमखास असतात. ती अक्षांश-रेखांश आणि पत्ता फोटोवरच छापतात. एक्झिफ कितीही पुसा, चित्रावरची अक्षरं राहतात. ते फोटो कापायचे किंवा काढायचे, तिसरा मार्ग नाही.

आणि कचरापेटी. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावरही ६० दिवस पेटीत राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही ३० दिवस. फोन देण्यापूर्वी या पेट्या उघडून रिकाम्या झाल्याचं डोळ्यांनी बघा.

मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या. शक्यतो फोनसोबत देऊच नका. द्यायचंच असेल तर नुसतं पुसून भागत नाही, कारण पुसलेले फोटो कार्डावरून परत मिळवता येतात. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम हेच काम करतो, आणि तपासणीसाठी तोच वापरा. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्याला वेळ लागतो, कारण तो सगळीकडे शून्य लिहीत जातो. मग कार्डावर फोटोरेक चालवा. एकही फोटो सापडला नाही तर कार्ड कोरं झालं.

बाकीची अ‍ॅप्स

चालण्या-धावण्याची अ‍ॅप्स, टॅक्सीची, जेवण मागवायची. यांची नोंद त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरवर असते, म्हणून अ‍ॅप काढून टाकल्याने ती जात नाही. आधी अ‍ॅपमधून पत्ते आणि फेऱ्या पुसा, लागलं तर खातंच बंद करा, आणि मग अ‍ॅप काढा. तपासायला दुसऱ्या फोनवर त्याच नंबरने लॉगिन करून बघा. जुना पत्ता दिसला तर काम अर्धंच झालंय. ट्रेकिंगची अ‍ॅप्स वाटांच्या जीपीएक्स आणि केएमएल फाइल फोनमध्येच ठेवतात. फाइल मॅनेजरमध्ये ही दोन नावं शोधा. भाड्याच्या गाडीत स्वतःचा नकाशा असेल तर त्याच्या ‘रिसेंट’ यादीतही तुमचं घर उरलेलं असतं. गाडी परत करण्याआधी ती यादी आणि ब्लूटूथची जोडणी दोन्ही काढा.

आयफोन असेल तर

सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, आणि अगदी तळाशी सिस्टिम सर्व्हिसेस. तिथे ‘सिग्निफिकंट लोकेशन्स’ आहे. तुम्ही वारंवार जाता त्या जागा फोन इथे ठेवतो. ही माहिती अशी कुलूपबंद असते की अ‍ॅपललाही वाचता येत नाही. पण ज्याला तुमचा पासकोड माहीत आहे, त्याला तेवढंच पुरतं. ‘क्लिअर हिस्टरी’ दाबा, बाहेर या, पुन्हा आत जाऊन नोंदींचा आकडा बघा.

‘रिसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ या बटणाने फसू नका. ते फक्त अ‍ॅपना दिलेल्या परवानग्या मुळावर आणतं. फोटोंतल्या जागा, गूगल मॅप्सची टाइमलाइन, यांना ते हातही लावत नाही.

बॅकअप

एप्रिल २०११ मध्ये अलास्डेअर अ‍ॅलन आणि पीट वॉर्डन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की आयफोन ‘कन्सॉलिडेटेड डॉट डीबी’ नावाच्या फाइलमध्ये जवळपास वर्षभराच्या जागा साठवत होता. ही फाइल मालकाच्या संगणकावरच्या बॅकअपमध्येही बिनकुलपाची पडून असे. मे महिन्यात अ‍ॅपलने सुधारणा आणली: साठा सात दिवसांवर आला आणि तो बॅकअपमध्ये जाणं थांबलं. त्या वेळी फोन साफ केलेल्या माणसाचीही जुनी प्रत घरच्या संगणकात तशीच होती. म्हणून गूगल खात्यातला, आयक्लाउडमधला आणि संगणकावरचा असे तिन्ही बॅकअप उघडून त्यांच्या तारखा बघा. पुसण्याच्या आधीच्या तारखेचा बॅकअप नव्या फोनवर चढवलात तर त्याच्यात असलेलं सगळं परत येऊन बसतं.

फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा. आधी खातं काढा: अँड्रॉइडवर गूगल खातं, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद. हे न करता रिसेट केलं तर घेणाऱ्याकडे फोन तुमचाच पासवर्ड मागत बसेल. मग सिम आणि कार्ड काढा. मग फॅक्टरी रिसेट, आयफोनवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. फोनमधली माहिती एन्क्रिप्शनच्या कुलपात असते आणि रिसेटने त्याची किल्लीच नष्ट होते, म्हणून आजच्या फोनांत ही पद्धत भरवशाची आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन आलेल्या सगळ्या फोनांत हे कुलूप सक्तीचं आहे. त्याहून जुना फोन असेल तर सेक्युरिटीच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. नसेल तर आधी ते चालू करा आणि मगच रिसेट.

रिसेट झाल्यावर स्वागताचा पडदा येतो. तिथेच थांबू नका. खातं न जोडता, सिम न घालता पुढे जा. फोनने जुनं खातं मागितलं, तर पहिली पायरी राहिली आहे. नाही मागितलं तर गॅलरी उघडा, फाइल मॅनेजरमध्ये जेपीजी, जीपीएक्स, केएमएल आणि जेसन शोधा, मॅप्सच्या शोधपेटीत खुणेचा पत्ता टाका. सगळं कोरं दिसलं की पुन्हा एकदा रिसेट करून फोन स्वागताच्या पडद्यावर आणा आणि तसाच द्या. शेवटी तुमच्या नव्या फोनवरून गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातल्या उपकरणांची यादी उघडा आणि जुन्या फोनचं नाव काढा.

फोनबाहेरची एक नोंद तुमच्या हातात नाही. फोन कुठल्या टॉवरला जोडलेला होता ते मोबाइल कंपनीकडे असतं, आणि कॉलच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवणं त्यांना परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक आहे. फोन रिसेट केल्याने त्याला काही होत नाही.

फोन स्वतःकडेच ठेवणार असाल तर

पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन खिशात घेऊन नेहमीची एखादी फेरी करा, म्हापशाचा बाजार किंवा पणजीचं बसस्टँड. परत आल्यावर एक फोटो काढा आणि त्याची माहिती बघा, टाइमलाइन उघडा, मॅप्सचे अलीकडचे शोध बघा. कुठे नवी नोंद दिसली तर कुणीतरी अजून लिहितंय. अँड्रॉइड १२ पासून पुढे सेटिंगमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत कुठल्या अ‍ॅपने किती वाजता लोकेशन घेतलं ते ओळीने दिसतं. आयफोनवर हेच अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्टमध्ये सात दिवसांचं मिळतं, पण तो आधी चालू करून ठेवावा लागतो. नको असलेल्या अ‍ॅपची परवानगी लगेच काढा आणि परवा परत बघा.